बाळ जमिनीवर ठेवण्यावरून

जावयाने ते वाक्य चमचा खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात म्हटलं, आणि तिथेच त्याचं चुकलं. या घरात साध्या आवाजात बोललेलं कुणाला ऐकूच येत नाही, आणि आलंच तर माणूस काहीतरी भयंकर सांगतोय असं धरून चालतात.

"रविवारी बाप्तिस्मा करा, माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "फक्त चर्चला निघायच्या आधी, खाली कारखान्यात, मला एक छोटासा विधी करायचाय. बाळाला जमिनीवर ठेवायचं आणि मी उचलून घ्यायचं. जुन्या लोकांत बाप असंच करायचा. बस, एवढंच."

"जमिनीवर?" माई म्हणाली.

"विधी?" साचेवाले म्हणाले.

नवराबायको एकाच वेळी बोलले, पण दोघांची भांडणं वेगळी होती. माईचं भांडण जमिनीशी होतं. साचेवाल्यांचं देवांशी.

आणि देवांशी भांडायला साचेवाल्यांनी तरी कुठल्या तोंडाने यावं? तीन पिढ्या या घराने प्लॅस्टरचे पुतळे ओतूनच पोट भरलं. खाली कारखाना, वर घर. उजव्या फळ्यांवर संत, चर्चसाठी. डाव्या फळ्यांवर संतांच्याही आधीच्या काळातले जुने देव आणि देवता, चित्रकलेच्या शाळांसाठी. घाईच्या दिवसांत साचेवाल्यांच्या वडिलांनी एका संताच्या धडावर दारूच्या देवाचं डोकं बसवून दिलं होतं, केसांत द्राक्षं तशीच. माल पोचल्यावर चूक लक्षात आली. वडील धावत गेले, तोवर तिथल्या बायका त्याच्यापुढे मेणबत्त्या लावून मोकळ्या झाल्या होत्या. तिथले फादर म्हणाले, राहू द्या, प्रार्थना करताना कुणी केसांकडे बघत नाही. तो पुतळा आजही तिथेच उभा आहे आणि म्हणे नवसाला पावतो.

तर असं घर. त्यात हा जावई म्हणजे शाळेत चित्रकला शिकवणारा माणूस. वर्गासाठी एका देवाचं डोकं विकत घ्यायला आला आणि डोक्याबरोबर घरच्या धाकट्या लेकीलाही घेऊन गेला. सज्जन, मेहनती, शर्टाच्या बाहीवर कायम कोळशाचा डाग. पण त्याची एक मंडळी होती. ही मंडळी महिन्यातून एकदा टेकडीवर जमायची, डोक्याला पानं बांधायची, दगडावर दूध आणि मध ओतायची आणि जुन्या देवांना त्यांच्या जुन्या नावांनी हाका मारायची. त्यांच्यात एक दातांचे डॉक्टरही होते. साचेवाले तेव्हापासून त्यांच्याकडे दात दाखवत नाहीत.

मग सगळ्यांच्या माना मास्तरीणआत्याकडे वळल्या. साचेवाल्यांची ही पाठची बहीण. शाळेत जन्मभर त्या देवांच्या काळची मेलेली जुनी भाषा शिकवली, लग्न केलं नाही. त्या जुन्या कवींची नावं घेताना तिचा आवाज जसा मऊ होतो, तसा घरातल्या एकाही जिवंत माणसाचं नाव घेताना झालेला कुणी ऐकलेला नाही. रविवारची प्रार्थना तिने कधी चुकवली नाही आणि सोमवारचे जुने देवही कधी चुकवले नाहीत. जावई घरात आला तेव्हा पहिली गट्टी तिच्याशीच जमली. दोघं गच्चीत बसून त्या भाषेतल्या ओळी म्हणायची आणि माई खालून विचारायची, चहा आपल्या भाषेत हवाय का? तेव्हा आत्याचं मत विचारायची गरजच नव्हती. ते जावयाच्या खिशातच होतं.

आत्याने हातरुमालाची घडी मोडली, पुन्हा घातली.

"नाही," ती म्हणाली. "बाप्तिस्मा पुढे ढकलायचा तर ढकला. करायचाच नसेल तर मी रडेन आणि गप्प बसेन. पण हे मूल त्या विधीसाठी जमिनीवर ठेवायचं नाही." आणि ताट तसंच टाकून ती वर निघून गेली.

जावयाचा चेहरा इतका उतरला की साचेवाल्यांनाही त्याची दया आली. मग आपल्याला दया आली याचा त्यांना राग आला.

*

दर शनिवारी कारखाना बंद करताना डाव्या फळ्यांवरच्या देवांची तोंडं भिंतीकडे फिरवायची, ही साचेवाल्यांच्या आजोबांची पद्धत. सोमवारी सकाळी पुन्हा सरळ. या शनिवारी मदतीला फादरकाका होते, साचेवाल्यांचे धाकटे भाऊ. उद्याचा बाप्तिस्मा तेच देणार होते, म्हणून आदल्या दिवशीच मुक्कामाला आले होते.

"हिला धर," साचेवाले म्हणाले. शिकारीची देवता होती, कमरेपर्यंतची. "कमरेत नको धरू, जोड उघडेल."

"मी फादर आहे दादा. कमरेत धरायची मला सवय नाही."

साचेवाल्यांना हसायचं नव्हतं, पण हसू आलं. दोघांनी देवतेला फिरवलं.

"तुला नेमकं काय खुपतंय?" फादरकाकांनी विचारलं.

"मला काही खुपत नाही. यांच्या नाकावरची बुडबुड्यांची भोकं मी भरतो, यांच्या कानामागचे जोड मी घासतो. यांचं माझं काही वाकडं नाही. माल आहे हा. मालाने फळीवर राहावं, माझ्या नातवाच्या मधे येऊ नये."

"माल आहे तर भिंतीकडे कशाला फिरवतोस?"

"आजोबा फिरवायचे."

"ते का फिरवायचे?"

"विचारलं होतं मी लहानपणी. म्हणाले, रविवारी त्यांनाही सुट्टी."

फादरकाका एका रिकाम्या खोक्यावर बसले. सेमिनरीत फादर व्हायला शिकत असताना त्यांनीही ते जुने ग्रंथ वाचले होते, आत्याइतके नाही, पण वाचले होते. "मला त्या लोकांना हसावंसं कधी वाटलं नाही, दादा. हातात दिवा नव्हता तरी अंधारात चाचपडत बरेच लांबवर आले ते."

"ते आले. आपले जावईबापू हातातला दिवा फुंकून चाचपडायला निघालेत, त्याचं काय?"

"फुंकला असता तर बाप्तिस्म्याला हो कशाला म्हणाले असते? लोक आपल्याकडे कंटाळतात आणि टेकडीवर जातात. त्यांना वाटतं इथे सगळं नको-नको आणि तिकडे नुसतं गाणं-बजावणं. यात आमचाही दोष आहे. माझी प्रवचनं तू ऐकतोस ना?"

"झोपतो."

"तेच म्हणतोय मी."

साचेवाल्यांनी पुढचं डोकं फिरवलं. "म्हणजे होऊ दे म्हणतोस?"

"बाप मूल उचलून घेणार आहे. यात देवाला राग येण्यासारखं मला तरी काही दिसत नाही. मला कोडं पडलंय ते ताईचं. ती नाही म्हणते म्हणजे तिला काहीतरी माहीत असणार, आणि ती सांगत नाहीये."

"तिला काय माहीत आहे ते तिचं तिला," साचेवाले म्हणाले. "माझं सांगतो. तुम्ही खाली काय घालायचा तो गोंधळ घाला. मी वर बसेन. आणि तो गोंधळ घालून तुम्ही चर्चला निघालात, तर मी तुमच्याबरोबर येणार नाही."

साचेवाल्यांनी एकदा नाही म्हटलं की पालथ्या घड्यावर पाणी, हे फादरकाकांना बालपणापासून ठाऊक होतं. उरलेले देव दोघांनी मुकाट्याने फिरवले.

*

बाळाला टबात घालता येत नसे. डाव्या पायाला बोटांपासून मांडीपर्यंत प्लॅस्टर होतं, ते भिजायला नको. पाय जन्मतःच आत वळलेला. डॉक्टर दर आठवड्याला जुनं प्लॅस्टर काढून पाय थोडा सरळ करत आणि नवं घालत. पहिल्यांदा घातलं तेव्हा नर्स घाबरून म्हणाली, बाळाचा पाय तापलाय का? धाकटीच म्हणाली, नाही हो, प्लॅस्टर जमताना गरम होतंच. प्लॅस्टरवाल्यांच्या घरची लेक ती, तिला कोण शिकवणार?

रविवारी सकाळी ती ओल्या फडक्याने त्याला पुसत होती आणि माई कोरड्या फडक्याने मागून टिपत होती.

"तो धरत नाही गं याला," माई म्हणाली.

आईच्या लक्षात येणार हे धाकटीला माहीत होतं, फक्त कधी येतंय एवढंच बघायचं होतं. नवरा सगळं करत होता. बाटल्या उकळत होता, लंगोट धूत होता, रात्री तिच्या आधी उठत होता. दवाखान्यात प्रत्येक वेळी बरोबर येत होता. पण निघताना म्हणायचा, मी पिशवी घेतो, तू त्याला घे. दर वेळी. एका हाताने पाळणा हलवायचा तोही कडेला धरून. धाकटीने एकदा मुद्दाम हात भरलेले ठेवले आणि म्हणाली, घे ना जरा. तर तो आईंना हाक मारायला धावला.

"प्लॅस्टरला घाबरतो," ती म्हणाली.

"काहीतरीच. देवांची डोकी काखोटीला मारून शाळेत नेतो तो. ती काय कापसाची असतात?"

"मग नसेल घाबरत." धाकटीचा आवाज बारीक झाला. "आई, मला बाप्तिस्म्याचं काही नाही आणि त्याच्या देवांचंही काही नाही. कुणाचे देव कुठे तोंड करून बसतात ते बसू देत. मला फक्त त्याने याला उचलायला हवंय. तो विधीचं बोलला तेव्हा पहिल्यांदाच म्हणाला, मी उचलून घेईन. सगळ्यांसमोर म्हणाला. आणि आत्या नाही म्हणून उठून गेली. बाबा येत नाही म्हणतात. आता तो म्हणेल जाऊ दे, आणि मग ते राहूनच जाईल. राहिलं की राहिलंच."

माईने फडकं पिळलं. तिच्या डोक्यात अजूनही जमीनच होती, पण लेकीच्या डोळ्यांत पाणी बघून ती जमीन जराशी सरकली.

"पलंगावर ठेवून उचलला तर नाही का चालत?"

"आई."

"बरं बाई. तुझ्या बाबांचं मी बघते. पण खाली जाड दुपटं घालायचं, दुहेरी. देव कुठलेही असोत, फरशी गारच असते."

*

आत्या कारखान्यात उतरली तेव्हा जावई झाडत होता. पांढऱ्या धुळीत त्याच्या चपला उमटल्या होत्या, त्याही त्याने झाडून टाकल्या.

"आईंनी सांगितलं," तो म्हणाला. "होवो न होवो, आधी झाडून घ्या."

आत्या प्लॅस्टरच्या गोणीवर बसली. रात्रभर ती याच्याशी मनात भांडली होती. आता तो झाडू घेऊन समोर उभा राहिल्यावर भांडण कुठून सुरू करावं ते तिला सुचेना.

"बापू, परवा मी उठून गेले ते चुकलं. कारण न सांगता नाही म्हणू नये. ते सांगायला आलेय. तुमच्या मंडळींत हा विधी कसा सांगतात?"

"बाप मुलाला जमिनीवरून उचलतो, म्हणजे तो माझा म्हणतो. मला फार सुंदर वाटतं ते."

"आहेच सुंदर. आणि नाही उचललं तर?"

जावई झाडायचा थांबला.

"नाही उचललं तरी चालायचं, म्हणून तर उचलण्याला किंमत," आत्या म्हणाली. "न उचललेलं मूल बाहेर नेऊन ठेवत. रस्त्याकडेला, उकिरड्यावर. मुली फार झाल्या, ठेवा बाहेर. अशक्त निघालं, ठेवा बाहेर. पाय..." ती थांबली. तिला पुढचं म्हणवेना. "त्या लोकांवर माझा जीव आहे, बापू. अजून आहे. त्यांच्यासारखं लिहिणारं मला दुसरं कुणी भेटलं नाही. पण तुम्ही टेकडीवर जाताना त्यांची फुलं तेवढी नेता. उकिरडा कुणी नेत नाही."

"तुमच्या लोकांनी त्यांची देवळं पाडली," जावई म्हणाला. तो चिडला नव्हता, पण माघारही घेत नव्हता. "मी वर्गात मुलांना सांगतो, इथे नाक असं काढा, कारण खरं नाक कुणीतरी हातोडीने उडवलंय."

"उडवलं. आमच्याच लोकांनी. आणि आमच्याच दुसऱ्या लोकांनी गार खोल्यांत बसून बोटं आखडेपर्यंत त्यांची काव्यं उतरवून ठेवली, नाहीतर टेकडीवर म्हणायला तुमच्याकडे काय उरलं असतं? एका घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असतात. आमचंच बघा ना." आत्याने गोणीवरची धूळ उगाच झटकली. "पण एक गोष्ट आमच्या लोकांनी पहिल्यापासून केली. उकिरड्यावरची मुलं उचलून घरी आणली. कुणाची आहेत, सरळ आहेत की वाकडी, काही न विचारता. मला तुमच्याइतकेच ते जुने कवी आवडतात, पण तेवढ्या एका गोष्टीसाठी मी इकडची आहे. त्या विधीत आपलं बाळ जमिनीवरच राहिलं असतं. मला ते तिथे बघवणार नाही."

आता तो गप्प होईल, मान खाली घालेल, असं आत्याला वाटलं होतं. समोरचा असा गप्प होतो याची शिक्षकांना सवय असते. त्याने झाडू भिंतीला टेकवला.

"आत्या, मला माहीत आहे."

"काय?"

"न उचललेल्यांचं. सगळं वाचलंय मी."

"आणि तरीही?"

"तरीही नाही. म्हणूनच."

तो तिच्यासमोर फरशीवर बसला, स्वच्छ पँट घातली होती तरी. बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "डॉक्टरांनी पाय दाखवला. म्हणाले काळजी नको, प्लॅस्टर घालू, सरळ होईल, पळेलसुद्धा. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला एवढंच वाटलं की हे चुकलंय, बदलून द्या. पुतळा बिघडला की बाबा म्हणतात ना, फोडा, दुसरा ओतू. तसं. क्षणभरच, पण वाटलं. जन्मभर सरळ पाय काढलेत मी, आत्या. सरळ पाय, रुंद खांदे. मुलांना सांगत आलो, माणूस म्हणजे हे. तेव्हापासून त्याला हात लावायची मला लाज वाटते."



"चर्चमध्ये मला कुणी विचारणार नाही," तो म्हणाला. "तिथे धरूनच चालतात की बापाला मूल हवं असतं. मला कुणीतरी विचारायला हवंय. हा इथे आहे, घेतोस की नाही? आणि मला सगळ्यांसमोर उत्तर द्यायचंय. असं विचारणारा दुसरा विधी मला माहीत नाही."

आत्याचा राग पार निवला होता, आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते तिला चांगलंच ओळखीचं होतं. वर्गात एखाद्या मठ्ठ समजलेल्या पोराने अचानक कवितेचा अर्थ सांगितला की तिला असं व्हायचं.

"धाकटीला हे सांगितलंत?"

"नाही."

"सांगा. पण आज नको. आज उचला. बोलायला आख्खं आयुष्य पडलंय." ती उठली आणि साडी झटकली. "दादाला मी आणते."

वर साचेवाले चर्चचा कोट घालून, चर्चला जाणार नाही असं सांगत बसले होते.

"दादा, खाली चल."

"परवा तू नाही म्हणालीस."

"परवा मी चुकले."

साचेवाल्यांनी बहिणीकडे नीट बघितलं. "पुन्हा एकदा म्हण. वहिनीला ऐकू दे."

"चुकले म्हटलं ना. आता चल. आणि कारण विचारू नको, मी सांगणार नाही."

"म्हणजे तू सांगायचं आणि मी यायचं. आणि का ते विचारायचं नाही."

"अहो, चला आता," माईने आतून भर घातली. "कोट घालून बसलाय ते काय खुर्चीला दाखवायला?"

नणंद-भावजय एका बाजूला आल्या की या घरात पुरुषांचं काही चालत नाही. हे मागच्या पिढीतही असंच होतं.

*

तरी साचेवाले पूर्ण खाली आले नाहीत. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसले. "मी कारखान्यात आलेलो नाही," ते म्हणाले. "मी जिन्यावर आहे."

देव भिंतीकडे तोंड करून होते. जावयाने त्यांना फिरवा असं म्हटलं नाही. मधल्या मोकळ्या जागेत माईचं दुपटं होतं, दुहेरी नव्हे तर चौपदरी. बाळ पांढऱ्या झबल्यात, आणि झबल्यातून ते प्लॅस्टर बाहेर आलेलं, झबल्याहून पांढरं. फादरकाका जरा मागे, हात पाठीशी बांधून उभे होते. आपण इथे पाहुणे आहोत असा चेहरा त्यांनी मोठ्या कष्टाने केला होता.

पद्धतीप्रमाणे मूल बापाने नव्हे, दुसऱ्याच कुणीतरी खाली ठेवायचं. आत्याने धाकटीकडून बाळ घेतलं, वाकली, दुपट्यावर ठेवलं आणि मागे सरली. "बापू," ती म्हणाली, "हा तुमचा मुलगा."

जावयाने पाऊल उचललं. ते खाली टेकेपर्यंत बाळ माईच्या कडेवर होतं.

माई कधी वाकली, कधी उठली, कुणाला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. ती त्याची पाठ थोपटत उभी होती.

"वहिनी," आत्या म्हणाली.

"रडत होता."

"रडत नव्हता."

"रडणार होता. मला कळतं."

जिन्यावरून खो-खो हसण्याचा आवाज आला. जो माणूस कारखान्यात आलाच नव्हता, तो पोट धरून हसत होता. मग फादरकाका हसले, मग धाकटी, डोळे पुसत. जावईही हसला. पण त्याचे रिकामे हात तसेच पुढे राहिले होते, आणि हसता हसता धाकटीला ते दिसले. राहिलं की राहिलंच.

माईलाही ते दिसले. ती चार लेकरं वाढवलेली बाई, तिला सगळं सांगावं लागत नाही. ती सरळ जावयापुढे गेली. "माझ्याने बघवत नाही, त्याला मी काय करू? तुम्हीच ठेवा आणि तुम्हीच उचला. मी भिंतीकडे तोंड करते हवं तर, त्या देवांसारखी." आणि नाही-हो म्हणायला वेळ न देता तिने बाळ त्याच्या हातांत दिलं.

त्याचा एक हात आपोआप मानेखाली गेला. दुसरा कुठे न्यावा ते त्याला समजेना, मग तो प्लॅस्टरखाली गेला. प्लॅस्टर जड होतं, एवढ्याशा बाळाला न शोभेल इतकं जड. आणि बाळाच्या अंगाने ते उबदार झालं होतं.

तो गुडघ्यांवर बसला. बाळाला दुपट्यावर टेकवलं, आधी पाठ, मग डोकं, मग तो पाय.

"आता हात काढा," आत्या हळूच म्हणाली. "क्षणभर तरी तो एकटा असायला हवा. नाहीतर मग उचलण्याला अर्थ नाही."

"हो."

त्याने हात काढले नाहीत.

बाळ छताकडे बघत होतं. त्याला काही घाई नव्हती.

"बापू."

"काढतो."

सगळे थांबले. धाकटी नवऱ्याचे हात बघत होती. बोटं प्लॅस्टरभोवती मिटलेली, त्यांचे सांधे पांढरे पडले होते, आणि ते सैल होत नव्हते. त्याने एकदा खांदे उचलून प्रयत्न केला. मग त्याची मान खाली गेली.

"नाही सोडवत," तो म्हणाला. "आत्या, मला नाही जमत. क्षणभरसुद्धा."

आत्याने तोंडावर रुमाल धरला. फादरकाकांनी नजर खाली वळवली, प्रार्थनेच्या वेळी वळवतात तशी. आणि साचेवाले जिन्यावरून उठले, गुडघे धरत ती शेवटची पायरी उतरले आणि फरशीवर येऊन उभे राहिले.

"मग कशाला सोडताय?" ते म्हणाले. "कुणी सक्ती केलीय का तुमच्यावर? घ्या त्याला आणि चला. चर्चला उशीर होतोय, आणि मला पुढच्या बाकावर जागा लागते."

जावई बाळासकट उठला. धाकटी त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या दंडाला गाल लावून नुसती उभी राहिली.

"झाला का विधी?" फादरकाकांनी आत्याला विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली. "झालाच नाही." आणि हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला होता की फादरकाकांनी पुढे विचारलं नाही.

चर्चपर्यंतचा रस्ता सगळे चालत गेले. पुढे साचेवाले, छाती काढून. मागे जावई, बाळाला घेऊन, प्रत्येक पाऊल बघून टाकत. पिशवी धाकटीकडे होती. वाटेत माईने दोनदा विचारलं, हात दुखले असतील, मी घेऊ का? दोन्ही वेळा तो नाही म्हणाला.

पाण्याच्या दगडी भांड्याभोवती सगळे गोल उभे राहिले. फादरकाकांनी बाही सावरली, पहिली प्रार्थना म्हटली आणि हात पुढे केले.

जावई तसाच उभा होता.

"बापू," फादरकाका अगदी खालच्या आवाजात म्हणाले. "द्या."

"हो."

मागे कुणीतरी खोकलं. साचेवाले पुढच्या बाकावर समाधानाने पाय लांब करून बसले होते. त्यांना कसलीच घाई नव्हती.

"बापू," फादरकाका म्हणाले, "परत देतो. एवढं पाणी घातलं की लगेच परत देतो."

तेव्हा कुठे त्याने दिलं.